शिध्यातली तंबाखू आणि जाहिरातीतली गोष्ट

१९९७ सालच्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियात धूम्रपानाविरुद्ध एक मोठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यातील एक जाहिरात अनेकांच्या स्मरणात राहिली. धूम्रपान करणाऱ्या एका तरुण माणसाच्या महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचा, तुकडा बोटांनी पिळला जातो आणि आतून पिवळट, दाट मेद बाहेर पडतो. प्रत्येक सिगारेट तुमचे नुकसान करते आहे, एवढेच तिचे सांगणे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती चोख होती. आपल्या शाळांच्या भिंतींवर लागणारी काळ्या फुप्फुसांची चित्रे ही तिचीच भावंडे म्हणायला हरकत नाही.

वैज्ञानिकाला अशी जाहिरात आवडते. मलाही आवडली. वस्तुस्थिती दाखवावी, कारण सांगावे आणि पाहणाऱ्याने योग्य तो निष्कर्ष काढावा, अशी आपली पद्धत. वर्गातही आपण हेच करतो. परंतु त्याच देशातील आदिवासींमध्ये धूम्रपान कमी व्हावे, विशेषतः तरुणांनी त्याकडे वळूच नये, यासाठी झालेले प्रयत्न मी बारकाईने पाहू लागलो तेव्हा या पद्धतीच्या मर्यादा ध्यानात आल्या. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नांचे, मुख्यतः त्यांच्या संदेशांचे आणि उद्दिष्टांचे, परीक्षण करायचे आहे. आरोग्यमोहीम हाही एक पाठच असतो. तो कसा बेतला आहे आणि त्याची परीक्षा कशी घेतली जाते, हे शिक्षकांनी तपासून पाहावे असे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील अ‍ॅबोरिजिनल लोक आणि उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक, या दोहोंना मिळून येथे 'आदिवासी' म्हटले आहे. सोयीसाठी शब्द एक वापरला तरी समाज एक नाही. युरोपीय लोक तेथे पोचले तेव्हा तेथे अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या.

अज्ञान हे कारण नव्हे

प्रश्न किती गंभीर आहे ते आधी पाहू. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आदिवासी प्रौढांचा अनेक वर्षे मागोवा घेतला होता. सध्या धूम्रपान करणाऱ्यांचा मृत्युदर कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या सुमारे चौपट आढळला. ४५ वर्षे व त्यापुढील वयाच्या आदिवासींमधील जवळजवळ निम्मे मृत्यू धूम्रपानामुळे होतात, असा अंदाज त्यातून निघाला. याच अभ्यासाची दुसरी बाजू आशादायक आहे. जे तरुणपणीच धूम्रपान सोडतात त्यांचा धोका कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या धोक्याच्या जवळ येतो.

एवढे नुकसान होत असताना लोक धूम्रपान करतात, तेव्हा त्यांना धोका ठाऊक नसावा, असे आपण सहज गृहीत धरतो. हे गृहीत तपासले गेले आहे. २०१२ ते २०१४ या काळात आदिवासी समाजांनी स्वतः चालवलेल्या आरोग्यकेंद्रांच्या सहकार्याने अडीच हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेण्यात आल्या. रोज धूम्रपान करणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना त्यामुळे फुप्फुसांचा कर्करोग होतो हे माहीत होते. सुमारे ७० टक्के लोकांना ते सोडायचे होते. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्या घरात कुणीही सिगारेट ओढायची नाही, असा नियम केलेला होता. म्हणजे माहिती होती, इच्छा होती आणि मुलाबाळांची काळजीही होती. सोडण्याचा प्रयत्न करणारेही पुष्कळ होते. तो टिकवणे मात्र अवघड जात होते.

ज्या विद्यार्थ्याला नियम पाठ आहे, पण उदाहरण सुटत नाही, त्याला तोच नियम अधिक मोठ्या आवाजात सांगून उपयोग होत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. येथेही अडचण कुठे आहे हे शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

तंबाखू तेथे कशी पोचली

निकोटीन हे काही ऑस्ट्रेलियाला परके नव्हते. मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात पितुरी नावाचे एक झुडूप उगवते. ते आपल्या वांगी-मिरचीच्याच कुळातील आहे आणि त्याच्या पानांत निकोटीन असते. त्याशिवाय तंबाखूच्या काही रानटी जातीही तेथे मूळच्याच आहेत. अशी पाने वाळवून, विशिष्ट झाडांच्या राखेत मळून त्यांची गोळी तोंडात धरण्याची रीत फार जुनी होती. पितुरीचा व्यापार शेकडो किलोमीटर अंतरावर चाले.

राख कशासाठी, हे महाराष्ट्रातील वाचकाला सांगायला नकोच. आपल्याकडे तंबाखूत चुना मळतात तो त्याच कारणाने. निकोटीन हा सौम्य आम्लारी आहे. माध्यम अल्कधर्मी झाले की त्याचे रेणू विद्युतभाररहित रूपात येतात आणि गालाच्या आतील त्वचेतून सहज रक्तात शिरतात. रसायनशास्त्राचे पुस्तक नसताना दोन खंडांतील माणसांनी एकच युक्ती शोधून काढली. ही सवय निरुपद्रवी होती असे मुळीच नाही. परंतु पाने दुर्मीळ होती, ती गोळा करण्याचे व वापरण्याचे नियम होते आणि धूर फुप्फुसांत जात नव्हता.

धूर बाहेरून आला. उत्तर किनाऱ्यावर समुद्रकाकड्या गोळा करायला येणाऱ्या, आजच्या इंडोनेशियातील मकासरच्या खलाशांनी तंबाखू आणली. पुढे युरोपीय वसाहतवाल्यांनी ती देशभर पसरवली. मिशनांमध्ये, सरकारी वस्त्यांवर आणि गुराढोरांच्या विस्तीर्ण तळांवर आदिवासींना कामाचा मोबदला म्हणून पैशाऐवजी शिधा मिळे. पीठ, साखर, चहा आणि तंबाखू. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही चालू होती. लोकांना एका जागी टिकवून ठेवण्यासाठी आणि कामाला लावण्यासाठी तंबाखूचा उपयोग जाणूनबुजून केला गेला. माहिती सांगणाऱ्यांना मानववंशशास्त्रज्ञही तंबाखू देत. म्हणजे विज्ञानाचे हातही यात अगदी स्वच्छ नाहीत. १९६६ साली वेव्ह हिल येथील गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडून निघाले. तुटपुंजी मजुरी आणि शिधा यांवर राबवून घेण्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या या लढ्याचे पुढे जमिनीच्या हक्काच्या लढ्यात रूपांतर झाले.

ही तंबाखू वाटून घेण्याच्या रीतीत मिसळून गेली. नातलगाने मागितली तर सिगारेट द्यायची आणि त्याने दिली तर घ्यायची. नाही म्हणणे म्हणजे नाते नाकारण्यासारखे. म्हणून धूम्रपान सोडणाऱ्या माणसाला निकोटीनशी झगडावे लागते, आणि शिवाय आपण माणसांतून उठत तर नाही ना, या भीतीशीही. दारिद्र्य, वर्णद्वेष आणि घरातील वारंवारचे मृत्यू यांमुळे येणारा मानसिक ताण वेगळाच.

तीन संदेश, तीन पाठ

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन आता मोहिमांकडे वळू. भीती दाखवणारी जाहिरात आदिवासी प्रेक्षकांवर परिणाम करत नसेल, असे मी धरून चाललो होतो. ते चुकीचे ठरले. अशा जहाल जाहिराती त्यांनाही भिडतात आणि लक्षात राहतात, असे तेथील अभ्यासांत दिसून आले आहे. तेव्हा १९९७ ची जाहिरात निकामी होती असे म्हणता येणार नाही. ती अपुरी होती. रक्तवाहिनी कुणाची आहे, तो माणूस कुठे राहतो, त्याला पहिली सिगारेट कुणी दिली, यांपैकी काहीच तिच्यात नव्हते.

२०१० साली केंद्र सरकारने खास आदिवासींसाठी धूम्रपानविरोधी कार्यक्रम सुरू केला. त्याचे राष्ट्रीय समन्वयक म्हणून टॉम काल्मा यांची नेमणूक झाली. ते स्वतः आदिवासी नेते असून, एका पिढीच्या आत आदिवासींचे आरोग्य इतरांच्या बरोबरीला यावे, अशी मागणी त्यांनी २००५ च्या आपल्या अहवालात केली होती. गावोगावचे आदिवासी कार्यकर्ते हा या कार्यक्रमाचा कणा. त्याच सुमारास, २०११ मध्ये, 'साखळी तोडा' अशा अर्थाची पहिली राष्ट्रीय जाहिरात आली. तिच्यात एक अ‍ॅबोरिजिनल स्त्री आपल्या घरातील आजारांविषयी व मृत्यूंविषयी बोलते आणि मुलांसाठी आपण धूम्रपान सोडले असे सांगते. येथे रक्तवाहिनीच्या जागी माणूस आला. 'साखळी' हा शब्दही योग्य निवडला होता. सवय एका पिढीकडून दुसरीकडे जाते, हे त्यात आपोआप सांगितले जाते. पण साखळीची पहिली कडी जाहिरातीत नव्हती. पाहणाऱ्या मुलाला वाटावे की ती आजोबांपासून सुरू झाली. आजोबांना ती शिध्यात मिळाली होती.

२०१६ मध्ये दुसरी मोठी मोहीम आली. सिगारेटला तुमची कहाणी बनू देऊ नका, असा तिचा आशय. धूम्रपान सोडलेला एक कुटुंबवत्सल माणूस आपली गोष्ट आपल्याच शब्दांत सांगतो. सूर आपुलकीचा आहे, उपदेश नाही, आणि सोडणे शक्य आहे हे त्याच्याकडे पाहूनच पटते. धूम्रपान टिकून सोडणे ही खरी अडचण असेल, तर सोडून दाखवलेला माणूस समोर आणणे हे शिक्षणाच्या दृष्टीने अगदी उचित. माझा आक्षेप घोषवाक्यातील 'तुमची' या शब्दाला आहे. ही कहाणी एकट्या माणसाने लिहायला घेतली नव्हती. तिची पहिली प्रकरणे दुसऱ्यांनीच लिहिली. ती न सांगता शेवट बदलण्याची जबाबदारी मात्र एकट्यावर टाकली, की सोडू न शकलेल्या माणसाच्या पदरी फक्त अपराधीपणा उरतो. इतिहास सांगितला तर लोकांना सबब मिळेल, अशी भीती काहींना वाटते. मला उलट वाटते. ही सवय आपल्या संस्कृतीचा भाग नसून आपल्याला वश करण्यासाठी वाटली गेली, हे कळणे तरुण मुलाला ती नाकारण्याचे बळ देऊ शकते.

तिसरा नमुना क्वीन्सलंडमधील आहे. तेथील शहरी आदिवासींच्या आरोग्यसंस्थेने 'डेडली चॉइसेस' हा उपक्रम चालवला. शब्दकोशात 'डेडली' म्हणजे प्राणघातक. आदिवासी तरुणांच्या बोलीत त्याचा अर्थ 'झकास'. नावापासूनच हा उपक्रम त्यांच्या बाजूला उभा आहे. आरोग्यतपासणी करून घेणाऱ्याला रग्बी लीगच्या संघांशी नाते सांगणारी जर्सी मिळते. ती दुकानात विकत मिळत नाही. धूरमुक्त घर, योग्य आहार आणि व्यायाम हे सारे एकाच माळेत ओवलेले असते. तरुणांना येथे 'हे करू नका' याऐवजी 'आम्ही असे आहोत' असे म्हणता येते. सिगारेट वाटून घेण्यातून जे आपलेपण मिळत होते त्याला दुसरा पर्याय देण्याचा प्रयत्न मला या तिन्हींत सर्वांत समंजस वाटतो. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जर्सी ही तपासणीला आल्याची खूण आहे, सिगारेट सुटल्याची नव्हे. शिवाय शहरात जमलेली युक्ती वाळवंटातील दूरच्या वस्तीत जशीच्या तशी जमेल, असे मानता येत नाही. शहरी व दूरच्या भागांतील आकडे हेच सांगतात. २०१८-१९ पर्यंत झालेली घट मुख्यतः शहरी व जवळच्या भागांत दिसली. दूरच्या वस्त्यांत प्रमाण जवळजवळ जागच्या जागी होते.

मोजपट्टीची गंमत

मोहीम यशस्वी झाली की नाही, हे शेवटी आकड्यांवरून ठरते. येथे आपण थोडे गणित करू.

२००४-०५ मध्ये आदिवासी प्रौढांपैकी रोज धूम्रपान करणारे सुमारे ५० टक्के होते. देशातील एकूण प्रौढांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. २०२२-२३ मध्ये आदिवासींमधील प्रमाण सुमारे २९ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये देशातील एकूण प्रौढांचे प्रमाण १०.६ टक्के होते. (वयोगटांच्या व्याख्येत थोडा फरक असल्यामुळे आकडे ढोबळ धरावेत.)

आता दोन विद्यार्थ्यांना विचारा, की दरी कमी झाली की वाढली? पहिला वजाबाकी करील. आधी फरक २९ होता, आता सुमारे १८. दरी कमी झाली. दुसरा भागाकार करील. आधी आदिवासींचे प्रमाण सुमारे २.४ पट होते, आता सुमारे २.७ पट, दरी वाढली. दोघांचेही गणित बरोबर आहे. दोन संख्या एकदम घटत असतील आणि लहान संख्या अधिक वेगाने निम्मी होत असेल, तर असे होणारच.

यात आणखी एक गोष्ट लपून राहते. दर शंभर आदिवासींमागे एकवीस जण रोजच्या धूम्रपानातून बाहेर पडले, किंवा त्यांच्या जागी आलेले तरुण त्यात शिरलेच नाहीत. देशाच्या एकूण लोकसंख्येत ही संख्या दहाच्या आसपास आहे. सतत 'इतरांच्या तुलनेत किती मागे' एवढेच विचारले, तर हे यश दिसतच नाही. वर्गातील जो मुलगा ३० गुणांवरून ५० वर आला त्याला आपण पहिल्या आलेल्या मुलाच्या शेजारी उभे करतो, तसेच हे. १५ ते १७ वर्षे वयाच्या आदिवासी मुलामुलींत कधीच धूम्रपान न केलेल्यांचे प्रमाण २०१२-१३ मध्ये ७७ टक्के होते; २०१८-१९ मध्ये ते ८५ टक्के झाले. 'आदिवासी तरुण धूम्रपान करतात' असे सरसकट वाक्य लिहिणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. त्या वयात धूम्रपान न करणे हीच तेथील सामान्य गोष्ट आहे, आणि हे त्या मुलांना सांगणे हाच एक प्रभावी संदेश आहे.

मोजपट्टीचा प्रश्न केवळ पुस्तकी नाही; तिच्यावरून पैसे मिळतात आणि थांबतात. आदिवासींमधील प्रमाण २०१८ पर्यंत निम्मे करायचे, असे एक उद्दिष्ट आधी ठरले होते. ते गाठता आले नाही. मधल्या काळात, २०१४ च्या अर्थसंकल्पात, या कार्यक्रमाच्या निधीला मोठी कात्री लागली होती. धूम्रपान आणि त्यातून उद्भवणारा कर्करोग यांत दोन-तीन दशकांचे अंतर असते. आजचे मृत्यू हे पूर्वीच्या धुराचे फळ आहे. चार-पाच वर्षांत मृत्यू घटले नाहीत म्हणून मोहिमेला नापास करणे म्हणजे जूनमध्ये पेरून जुलैत कणसे मोजायला जाणे होय.

२०२३ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० साठी नवी उद्दिष्टे आहेत. एकूण लोकसंख्येत रोजचे धूम्रपान ५ टक्के किंवा त्याहून कमी; आदिवासींमध्ये २७ टक्के किंवा त्याहून कमी. वरचेच गणित येथे करून पाहा. दोन्ही उद्दिष्टे नेमकी साधली तर फरक २२ आणि पट ५.४. म्हणजे वजाबाकी करा की भागाकार, दरी आजच्याहून मोठी! धोरण लिहिले गेले तेव्हा हाती असलेला शेवटचा आकडा ३७ टक्क्यांचा होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्या वेळी २७ हे मोठे पाऊल वाटले असेल. पण लोक आता २९ वर पोचले आहेत. समाज उद्दिष्टाच्या पुढे धावत असेल तर उद्दिष्टाने जागचे हलायला हवे. नाहीतर २०३० मध्ये आनंदाने जाहीर होईल की ठरवलेले साध्य झाले, आणि दर चौघांतील एकाहून अधिक जण सिगारेट ओढतच असतील.

एक मुद्दा राहिला. ही सारी घट या मोहिमांमुळेच झाली, असे म्हणता येणार नाही. याच काळात सिगारेटवरील कर सतत वाढत गेले, २०१२ च्या डिसेंबरपासून पाकिटे एकसारखी, बोधचिन्हांविना झाली, सार्वजनिक जागी बंदी आली. कशाचा वाटा किती, हे सुटे करणे फार कठीण आहे. मात्र कर सर्वांवर सारखाच बसतो आणि गरिबाला तो अधिक जाचतो. त्याच्या सोबतीला सोडण्यासाठी मदत करणारे आपले माणूस नसेल, तर त्या कराचे ओझे होते.

आपल्या वर्गासाठी

शिक्षकांना यातून दोन कामे करून पाहता येतील. वर दिलेले चार आकडे फळ्यावर लिहावेत आणि विद्यार्थ्यांना त्यांवरून दोन परस्परविरोधी, पण खरे मथळे तयार करायला सांगावे. टक्केवारीच्या धड्याला याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरे काम आपल्या भिंतीवरील चित्राचे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरतात. विडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. आणि चित्रात असते सिगारेट. ज्या मुलाच्या घरी मशेरी भाजली जाते किंवा चुन्याची डबी असते, त्याला ते चित्र दुसऱ्या कुणाचे तरी वाटते. ऑस्ट्रेलियातील आदिवासी कार्यकर्त्यांनी लावलेला पहिला प्रश्न आपणही लावावा. हे चित्र पाहणाऱ्या मुलाला त्यात आपले घर दिसते का? दिसत नसेल तर नवे चित्र त्याच्याकडूनच काढून घ्यावे. ते कदाचित शरीरशास्त्राच्या दृष्टीने तितके चोख असणार नाही. तेवढे दुरुस्त करायला विज्ञानाचे शिक्षक आहेतच.